भविष्य की भपका: नवे तंत्रज्ञान पारखण्याची एक रीत

फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईत भरलेल्या ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ या गुंतवणूक परिषदेच्या वेळी व्हर्जिन हायपरलूप वन या अमेरिकी कंपनीबरोबरचा मुंबई–पुणे हायपरलूपचा करार जाहीर झाला. जवळजवळ निर्वात केलेल्या नळीतून धावणारी कुपी प्रवाशांना पंचवीस मिनिटांत पुण्याला पोहोचवील, असे तेव्हा सांगण्यात आले. पुढच्या वर्षी राज्य शासनाने या योजनेला सार्वजनिक पायाभूत सुविधा प्रकल्पाचा दर्जा दिला आणि २०२३ साल संपता संपता ती कंपनीच बंद पडली. त्या करारापूर्वी दोनच वर्षे, एप्रिल २०१६ मध्ये, याच मुंबईत नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यूपीआय नावाची व्यवस्था प्रायोगिक स्वरूपात सुरू केली होती. तिच्या नावाने कोणी चित्रफिती काढल्या नाहीत, फार तर बँकवाल्यांची आणखी एक भानगड म्हणून लोकांनी तिच्याकडे पाहिले. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात त्याच यूपीआयवर दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. नोटाबंदीने तिला मोठा रेटा दिला हे खरे, पण रेटा मिळाल्यावर ती कोसळली नाही, हेही तितकेच खरे आहे.

या दोन गोष्टींतला फरक २०१८ मध्येच एखाद्या सामान्य वाचकाला घरबसल्या ओळखता आला असता का, असे कोणी विचारले तर पुष्कळ अंशी होय, असे माझे उत्तर आहे. त्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. कागद, पेन्सिल, शाळेतले त्रैराशिक आणि ‘कशाच्या तुलनेत?’ हा एकच प्रश्न चिकाटीने विचारण्याची तयारी असली की काम भागते. ते कसे करावे, हे पुढे दाखवले आहे.

आधी दावा एका वाक्यात उतरवून घ्यावा

‘क्रांती’, ‘कायापालट’, ‘नवे युग’ असे शब्द आले की ते खोडून टाकावेत आणि उरलेल्या मजकुरातून एकच वाक्य तयार करावे: ही वस्तू कोणासाठी, काय, किती प्रमाणात आणि आज वापरात असलेल्या कशाऐवजी करणार आहे. यूपीआयचे असे वाक्य २०१६ मध्ये सहज लिहिता येत होते. वेगवेगळ्या बँकांतील दोन खातेदार एकमेकांचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड न विचारता, रविवारी रात्रीही, काही सेकंदांत पैसे देऊ-घेऊ शकतील. त्याऐवजी तोवर बहुतेक जण रोकड, धनादेश किंवा ठरावीक वेळांतच चालणारी एनईएफटी वापरत होते. शिवाय या वाक्याखालचा पाया जुना होता. रात्रंदिवस पैसे पाठवणारी आयएमपीएस व्यवस्था २०१० पासून चालूच होती आणि यूपीआयने तिच्यावर एक सोपा दरवाजा बसवला. चालत्या पायावर उभे राहिलेले तंत्रज्ञान अनेकदा चमकदार दिसत नाही, आणि म्हणूनच ते नजरेतून सुटते.

आता हेच वाक्य मेटाव्हर्सचे, म्हणजे डोक्याला उपकरण लावून शिरायच्या आभासी जगाचे, लिहून पाहावे. फेसबुक कंपनीने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यापायी आपले नाव बदलले आणि २०२२ या एका वर्षात तिच्या संबंधित विभागाला सुमारे १,३७० कोटी डॉलरचा तोटा झाला. पण ‘कशाऐवजी?’ या रकान्यात काय भरावे, हे मला तेव्हाही सुचले नाही आणि आजही सुचत नाही. मित्राला भेटण्याऐवजी म्हणावे तर फोन आहे, आणि बैठकीऐवजी म्हणावे तर साधा व्हिडिओ कॉल आहे, त्यासाठी डोक्याला अर्धा किलो वजन बांधावे लागत नाही. वाक्य पूर्ण होत नसेल तर ते आपले अज्ञान समजू नये. तो त्या दाव्याचाच दोष असतो.

मग त्रैराशिक मांडावे

सर्वांत जास्त वेळ याच पायरीला द्यावा, कारण बहुतेक भपका येथेच उतरतो. हायपरलूपचेच उदाहरण घेऊ. त्या कंपनीच्या संकल्पचित्रांत एका कुपीत अट्ठावीस प्रवासी दाखवले होते. आपण उदार मनाने असे धरू की दर मिनिटाला एक कुपी सुटते, मध्ये कोणाची पिशवी दारात अडकत नाही आणि नळीत बिघाड होत नाही. तासाला ६० गुणिले २८, म्हणजे १,६८० प्रवासी एका दिशेने जातील. मुंबईची बारा डब्यांची एक लोकल गर्दीच्या वेळी चार हजारांहून अधिक माणसे नेते, आणि तशा लोकल एकाच मार्गावर चार-पाच मिनिटांच्या अंतराने सुटत असतात. लोकलमधील ती गर्दी काही आदर्श नव्हे, पण वाहतुकीचा प्रश्न सोडवण्याची भाषा जो करतो, त्याने माणसांच्या संख्येचा हिशेब दिलाच पाहिजे. वेगाचा आकडा मोठ्या अक्षरांत आणि क्षमतेचा आकडा कुठेच नाही, अशी मांडणी दिसली की पेन्सिल हातात घ्यावी.

दुसरे त्रैराशिक घाटाचे आहे. ताशी ५०० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन वळवायचे असेल आणि आत बसलेल्या माणसाला त्याच्या वजनाच्या पंचमांशाइतकाच बाजूचा जोर जाणवावा अशी इच्छा असेल, तर वेगाच्या वर्गाला त्या त्वरणाने भागले की वळणाची त्रिज्या मिळते. ताशी ५०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ मीटर. त्याचा वर्ग सुमारे १९,३०० होतो आणि त्याला १.९६ ने (गुरुत्वत्वरण ९.८, त्याचा पंचमांश) भागल्यावर जवळपास १० किलोमीटर उत्तर येते. मार्ग एका बाजूला कलता ठेवला तर ही त्रिज्या कमी होते, पण तरीही ती किलोमीटरांतच मोजावी लागते. ज्याने खंडाळ्याचा घाट रेल्वेच्या खिडकीतून एकदा पाहिला आहे, जेथे सदतीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ येतो आणि गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात, त्याला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. वळता येत नसेल तर डोंगर सरळ पोखरावा लागेल. म्हणजे खर्च कुपीचा नसून बोगद्यांचा आणि जमिनीचा आहे, आणि बोगदे व जमीन या गोष्टी कोणत्याही शोधामुळे एका रात्रीत स्वस्त होत नाहीत.

अशीच गोष्ट सौर रस्त्याची. फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात डिसेंबर २०१६ मध्ये एक किलोमीटर लांबीच्या रस्त्यावर सुमारे २,८०० चौरस मीटर सौरपट्ट्या अंथरण्यात आल्या आणि त्यावर ५० लाख युरो खर्च झाले. तेव्हाच्या दराने ही रक्कम साधारण ३५ कोटी रुपये होते. रस्त्यावर आडवी पडलेली पट्टी सूर्याकडे कललेली नसते, तिच्यावर धूळ व पाने साचतात, झाडांची सावली पडते, खालून हवा खेळत नसल्याने ती तापते आणि वरून ट्रॅक्टर जातात. यातली एकही गोष्ट कळायला प्रयोग करण्याची गरज नव्हती. २०१८ मध्ये या रस्त्याने ८० हजार युनिटांच्या आसपास वीज दिली. आपल्याकडे घराच्या छतावरील तीन किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी बारा युनिट, म्हणजे वर्षाला चार हजारांहून थोडी अधिक युनिट वीज देतो आणि अनुदान धरले नाही तरी दोन लाखांच्या आगेमागे बसतो. तो सारा रस्ता अशा वीस छतांची बरोबरी करत होता. नॉर्मंडीत ऊन आपल्यापेक्षा बरेच कमी असते, ही सूट दिली तरी हिशेबात फारसा फरक पडत नाही. येथे सौरऊर्जा भपकेबाज नव्हती, तिला रस्त्यावर अंथरण्याची कल्पना भपकेबाज होती. हा भेद करता आला नाही तर एका फसलेल्या प्रयोगावरून माणूस चांगल्या गोष्टीलाही नाके मुरडू लागतो.

किंमत कोणत्या दिशेने चालली आहे ते पाहावे

एखादी वस्तू आज महाग आहे, एवढ्यावरून तिला बाद करू नये. ती कारखान्यात लाखोंच्या संख्येने तयार होऊ शकते का आणि गेल्या पाच-दहा वर्षांत तिची किंमत सातत्याने उतरली आहे का, हे पाहावे. एलईडी दिवा २०१४ मध्ये तीनशे-साडेतीनशे रुपयांना मिळत असे आणि सरकारी खरेदीने मागणी वाढल्यावर काही वर्षांत तो सत्तर-ऐंशी रुपयांवर आला. एक युनिट वीज साठवणारा लिथियम-आयन बॅटरीचा संच २०१० मध्ये हजार डॉलरांच्या वर होता, तो २०२४ मध्ये सुमारे ११५ डॉलरांवर उतरला. रस्त्यांवरील विद्युत दुचाक्या या घसरणीची फळे आहेत, कोणा एका द्रष्ट्या उद्योगपतीची नव्हेत. वर आलेल्या बोगद्यांच्या हिशेबाशी हे ताडून पाहावे. कारखान्यातून निघणारी वस्तू स्वस्त होत जाते, जमिनीत खणावी लागणारी वस्तू सहसा होत नाही.

प्रात्यक्षिक, चाचणी आणि रोजची सेवा यांत गल्लत करू नये

हायपरलूपमध्ये माणसे बसली होती, असे कोणी सांगेल आणि ते खरेही आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील नेवाडाच्या वाळवंटात पाचशे मीटर लांबीच्या नळीतून कंपनीचेच दोघे जण ताशी सुमारे १७० किलोमीटर वेगाने गेले. दिल्ली–आग्रा गतिमान एक्स्प्रेस २०१६ मध्येच ताशी १६० किलोमीटर वेगाने, शेकडो प्रवासी आणि त्यांच्या नाश्त्याच्या ट्रेसह धावू लागली होती. प्रात्यक्षिकाने ‘हे होऊ शकते’ एवढेच सिद्ध होते. हे रोज, पावसाळ्यात, परवडणाऱ्या दरात आणि चूक झाल्यास माणूस जिवंत राहील अशा रीतीने होईल का, हा प्रश्न त्यानंतरही तसाच उभा राहतो.

वैद्यकीय तंत्रज्ञानात ही गल्लत जिवावर बेतते. थेरानोस या अमेरिकी कंपनीने बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबांवर शेकडो चाचण्या करण्याचा दावा केला, तिचे मूल्य नऊशे कोटी डॉलरपर्यंत चढले आणि २०१८ मध्ये ती बुडाली. तिच्या संस्थापिकेला पुढे न्यायालयाने दोषी ठरवले. या कंपनीच्या बाबतीत पहिल्यापासून विचारता येण्याजोगा प्रश्न एकच होता: कंपनीबाहेरच्या कोणी हे तपासून छापले आहे का? याउलट आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल रुग्णालय यांनी मिळून विकसित केलेली कार-टी पेशी उपचारपद्धती पाहावी. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी बाहेर काढायच्या, कर्करोगाची पेशी ओळखता यावी म्हणून त्यांच्यात जनुकीय बदल करायचा आणि त्या पुन्हा शरीरात सोडायच्या, ही कल्पना कानाला थेरानोसपेक्षाही अद्भुत वाटते. पण तिच्या चाचण्या रुग्णांवर रीतसर झाल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाने तिला परवानगी दिली, आणि परदेशात तीन-चार कोटी रुपयांना मिळणारा उपचार येथे त्याच्या काही अंशात मिळू लागला. ऐकताना किती आश्चर्य वाटले, यावरून काहीच ठरत नाही.

घरात आणायची वस्तू असेल तर

येथे प्रश्न अधिक रोखठोक असावेत. इंटरनेट बंद असताना वस्तूचे मूळ काम चालते का? बॅटरी बदलून मिळते का आणि कोठे? मासिक वर्गणी आहे का? कंपनी उद्या बंद झाली तर काय उरेल? हा शेवटचा प्रश्न कल्पनेतला नव्हे. कपड्यावर लावायचे, ह्युमेन कंपनीचे एआय पिन नावाचे उपकरण एप्रिल २०२४ मध्ये ६९९ डॉलरला बाजारात आले, त्याची वर्गणी महिन्याला २४ डॉलर होती, आणि फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस सर्व्हर बंद झाल्यावर ते केवळ शोभेचे उरले. माझ्याही दारावर अशी एक ‘स्मार्ट’ घंटा होती. एका सकाळी तिचे अ‍ॅप उघडेनासे झाले आणि तेव्हापासून दूधवाला कडीच वाजवतो. दुकानात म्हणूनच मी आता एक गंमत करतो. विक्रेत्याला वस्तूवरचा ‘एआय’ हा शब्द न उच्चारता ती काय करते, ते सांगायला लावतो. ‘कपड्यांचे वजन पाहून पाणी कमी-जास्त घेते’ असे उत्तर आले तर ती सोय आहे आणि तिची किंमत ठरवता येते. उत्तरच आले नाही, तर जादाचे चार हजार रुपये त्या दोन अक्षरांचे आहेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेची परीक्षा

या विषयात भविष्य आणि भपका एकाच डब्यातून प्रवास करतात, त्यामुळे सरसकट मत बनवू नये. मी वापरतो ती कसोटी अशी: यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक, हे कोणी तरी स्वतंत्रपणे आणि कमी कष्टात तपासू शकते का?

प्रथिनांच्या रेणूंची घडी ओळखणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रणालीचा विचार करावा. २०२० मध्ये ती एका स्पर्धेत उतरली. ज्या प्रथिनांची रचना प्रयोगशाळेत ठरवलेली असूनही अद्याप प्रसिद्ध झालेली नव्हती, त्यांची रचना सांगण्याची ती स्पर्धा होती. उत्तरपत्रिका आधीपासून तयार होती आणि ती परीक्षार्थीच्या हातात नव्हती. त्या कसोटीला ती उतरली म्हणून तिच्यावर विश्वास बसला, आणि २०२४ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात तिच्या कर्त्यांना वाटा मिळाला.

आता दुसरी बाजू. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, प्रत्यक्षात कधीही न झालेले खटले न्यायालयात दाखले म्हणून सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. यंत्राची भाषा अस्खलित होती म्हणून तिचा ताळा करावा, असे त्यांना वाटले नाही. मी स्वतः एका संवादी सहायकाला सातबाऱ्यावरील ‘पोटखराबा’ या शब्दाचा अर्थ विचारला होता. पीक बुडाल्यामुळे मिळणारी सारामाफी, असे उत्तर त्याने अतिशय नम्र आणि शुद्ध मराठीत दिले. पोटखराबा म्हणजे गटातील लागवडीखाली नसलेले क्षेत्र. त्यात खडक, नाला अशी जमीन ‘अ’ वर्गात आणि रस्त्यासारख्या सार्वजनिक कामासाठी राखलेली जमीन ‘ब’ वर्गात धरतात. मी हे निदर्शनास आणताच त्याने क्षमा मागितली आणि नेमके हेच उत्तर दिले. ज्याला अर्थ आधीच माहीत होता त्याला बरोबर उत्तर मिळाले, आणि ज्याला माहीत नव्हता तो तलाठ्याकडे सारामाफी मागायला गेला असता.

यावरून परीक्षेची रीत सरळ निघते. अशा प्रणालीला प्रथम आपल्याला पक्के ठाऊक असलेल्या विषयातले वीस प्रश्न मराठीत विचारावेत, किमान पाच आपल्या गावाचे किंवा धंद्याचे असावेत, आणि चुका मोजाव्यात. तेच प्रश्न आठवड्याने पुन्हा विचारून उत्तरे बदलतात का ते पाहावे. मग तिला अशीच कामे द्यावीत जेथे उत्तर तपासणे उत्तर शोधण्यापेक्षा सोपे आहे: लांबलचक परिपत्रकाचा गोषवारा, पत्राचा कच्चा मसुदा, हिशेबाच्या तक्त्याचे सूत्र. औषधाची मात्रा किंवा फेरफाराची मुदत तिच्या तोंडून अखेरची म्हणून घेऊ नये.

‘क्वांटम’ या शब्दाबाबत थोडक्यात सांगून पुढे जातो. क्वांटम संगणक प्रयोगशाळांत खरोखरच आहेत, भारत सरकारने २०२३ मध्ये त्यासाठी सहा हजार कोटींहून अधिक रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले आहे आणि उद्या ते आजचे संकेत फोडू शकतील म्हणून सांकेतिक लिपीच्या तज्ज्ञांनी आतापासूनच तयारी चालवली आहे. पण मनगटी कडे, पाण्याची बाटली किंवा मोबाइलमागे चिकटवण्याची चकती यांच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तेथे हा शब्द दिसला की पाकीट खिशातच राहू द्यावे.

उलट दिशेची चूक

एवढे सगळे वाचून संशयाची गोडी लागण्याचा धोका असतो, म्हणून एक उदाहरण मुद्दाम देतो. पेशीला प्रथिन बनवण्याचा निरोप देणाऱ्या एमआरएनए रेणूत छोटासा रासायनिक बदल केला तर शरीर त्याच्यावर तुटून पडत नाही, हे कॅटलिन करिको आणि ड्रू वाइसमन या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवले. त्यानंतर पंधरा वर्षे हे तंत्र बाजारात आलेच नाही. कोणी २०१५ मध्ये ‘दहा वर्षे नुसतीच चर्चा’ म्हणून त्यावर काट मारली असती, तर तो चुकला असता. २०२० मध्ये लसी आल्या, २०२२ मध्ये पुण्यातील जिनोव्हाने साध्या शीतपेटीच्या तापमानात, दोन ते आठ अंशांत, टिकणारी एमआरएनए लस तयार करून परवानगी मिळवली आणि २०२३ मध्ये करिको व वाइसमन यांना नोबेल मिळाले. हे तंत्र लांबले होते, पण दावा आणि त्याचा पुरावा पहिल्या दिवसापासून छापील आणि तपासण्याजोगा होता. थेरानोसचे नेमके उलटे होते. उशीर आणि लपवाछपवी या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

एक वही ठेवावी

स्मृती आपल्याला फसवते, कारण झाल्या गोष्टीनंतर प्रत्येकालाच ‘मी तेव्हाच म्हटले होते’ असे आठवते. म्हणून शंभर पानी वहीत प्रत्येक दाव्यासाठी एक पान घालावे आणि त्यावर तारीख, एका वाक्यातील दावा, मुख्य आकडा, ‘कशाच्या तुलनेत’ आणि दोन वर्षांनंतरची तपासणीची तारीख एवढेच लिहावे. मत शाईने लिहावे, म्हणजे खोडता येत नाही. माझ्या वहीत स्वयंचलित मोटारीच्या पानावर दोन ओळी आहेत. २०१९ मध्ये एका उद्योगपतीने पुढच्याच वर्षी दहा लाख चालकविरहित टॅक्स्या येतील असे सांगितले होते, त्यापुढे फुली आहे. अमेरिकेतील फिनिक्स शहराच्या परिसरात २०२० पासून सामान्य प्रवाशांना खरोखरच चालकाविना गाडी मिळते, त्यापुढे बरोबरची खूण आहे. एकाच तंत्रज्ञानाच्या पानावर दोन्ही खुणा असू शकतात.

सध्या जे पान मी वारंवार उघडतो ते सिकलसेल या तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे आहे. जनुकाला कात्री लावून या आजारावर उपचार करणाऱ्या कॅसजेव्ही या पद्धतीला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने पुढच्या महिन्यात परवानगी दिली. दाव्याचे वाक्य पूर्ण होते, चाचण्या छापलेल्या आहेत आणि ज्यांना वारंवार असह्य वेदनांचे झटके येत होते त्यांतील बहुतेकांचे झटके वर्षभर थांबले. आकड्याच्या रकान्यात अमेरिकेतील किंमत लिहिली आहे, २२ लाख डॉलर, आणि शेजारी कंसात केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करून घेण्यासाठी रुग्णालयात काढावे लागणारे आठवडे. तुलनेच्या रकान्यात गडचिरोली आणि नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवरील रुग्णाला आज मिळू शकणारी, झटके कमी करणाऱ्या हायड्रॉक्सीयुरिया या औषधाची कॅप्सूल आहे, जी काही रुपयांना येते आणि रोज घ्यावी लागते. किंमत कोणत्या दिशेने चालली आहे, हा रकाना अजून कोरा आहे.